चुंबकाने सुपरकंडक्टर मरतो ना? मग हे लोक दोन्ही एकावर एक का चिकटवतात?

भाट्येवाला
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत टीवायबीएस्सी फिजिक्सला आहे. पंधरा दिवसांवर सेमिनार आलाय आणि मी नको तो शहाणपणा करून सुपरकंडक्टर (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ) आणि मॅग्नेट एकत्र करून बनवलेली क्वांटम डिव्हाइसेस हा विषय घेतला, कारण बाकी सगळ्यांनी सोलर सेल नाहीतर नॅनोपार्टिकल घेतलेत. आता वाचायला बसलो तर पहिल्याच पानावर गाडी अडली. आम्हाला शिकवलंय की सुपरकंडक्टरला चुंबकीय क्षेत्र सहन होत नाही, शिसं ७.२ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं पण साधारण ०.०८ टेस्लाच्या वर फिल्ड गेलं की ते परत साधं शिसं. बटणाएवढं नियोडिमियमचं चुंबक सुद्धा याच्यापेक्षा जास्त देतं. आणि इकडे रिसर्च पेपरवाले शिशावर चक्क लोखंडाचे अणू ठेवतायत आणि म्हणतायत काहीतरी नवीन अवस्था मिळाली. म्हणजे मांजर आणि उंदीर एका पिंजऱ्यात ठेवून तिसराच प्राणी जन्माला घालायचा असं काहीतरी वाटतंय. कोणी दादा सोप्यात सांगेल का? गणित चालेल पण हळू.

मालवणी_तिखट
माका काय्येक कळाक नाय पण मांजर उंदीर आवडला. वाचतंय हा, सांगा कोणीतरी.

थंड_डोकं
दादा नाही, ताई. मूळची राजापूरची, सध्या पुण्यात पीएचडी, आणि माझं रोजचं काम म्हणजे नायोबियमवर (हा पण सुपरकंडक्टर धातू) चुंबकीय धातूच्या काही नॅनोमीटरच्या फिल्म चढवणं, त्यामुळे मांजर आणि उंदीर दोघांशी माझा घरोबा आहे.

आधी एक गैरसमज काढ. बाहेरून लावलेलं फिल्ड आणि चुंबकाच्या आतली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, कूपर पेअर, आणि नेहमीच्या सुपरकंडक्टरमध्ये त्या जोडीत एकाचा स्पिन (इलेक्ट्रॉनचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व समज) वर तर दुसऱ्याचा खाली. लोखंडाच्या आत काय असतं तर सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करा असा हुकूम. म्हणजे जोडी आत शिरली की तिच्यातल्या एकाचं ठीक चालतं आणि दुसऱ्याला मुस्काटात बसते. हा हुकूम किती जोरदार ते बघ, शिशातली जोडी फोडायची ऊर्जा आहे एका इलेक्ट्रॉनमागे साधारण १.३ ते १.४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि लोखंडातली ही ऊर्जा जाते एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात. म्हणजे शेकडो पट. त्यामुळे तुझी शंका रास्तच आहे, गिंझबर्गने १९५० च्या दशकातच दाखवलं होतं की एकाच पदार्थात हे दोघं सुखाने नांदणं अवघड आहे.

पण एकाच पदार्थात! शेजारी शेजारी ठेवले तर काय? इथे तुला तुझ्या घरासमोरची खाडी आठवायची आहे. भाट्याच्या पुलावर उभा राहा भरतीच्या वेळी. समुद्र पुलापाशी संपतो का? नाही, खारं पाणी काजळी नदीत आत शिरतं, मचूळ होत होत वर जातं आणि कुठेतरी गोडं सुरू होतं. सुपरकंडक्टरला तांब्यासारखा साधा धातू चिकटवला की अगदी हेच होतं, कूपर पेअर तांब्यात गळतात, खूप थंड असेल तर मायक्रॉनच्या हिशोबात आत जातात, आणि तेवढं तांबं मचूळ सुपरकंडक्टर बनतं. याला प्रॉक्झिमिटी इफेक्ट म्हणतात. तांब्याच्या जागी कोबाल्ट किंवा लोखंड ठेवलं तर हेच अंतर दोनचार नॅनोमीटरवर येतं. दोनचार नॅनोमीटर म्हणजे दहावीस अणूंचे थर. कमी आहे, पण शून्य नाही! आणि आता दहावीस अणूंचे थर मोजून मापून चढवता येतात म्हणून हा सगळा खेळ सुरू झाला. मांजर-उंदीर एका पिंजऱ्यात नाही ठेवायचे, मध्ये जाळी लावून शेजारच्या पिंजऱ्यात ठेवायचे.

आणि हो, दोन थरांच्या मध्ये व्हॅक्युम जरासं जरी बिघडलं तरी पृष्ठभागावर ऑक्साइड बसतं आणि मग खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा पडल्यासारखं होतं, पाणी आत जातच नाही. माझं एक अख्खं वर्ष या दांड्यात गेलंय. त्याबद्दल परत कधीतरी, आता मूड घालवायचा नाहीये.

निवृत्त_मास्तर
ताईंनी छान समजावलं आहे पण एक गोष्ट दुरुस्त करतो, मास्तरकीची खोड. खाडीचा दृष्टान्त तांब्यापर्यंत चालतो, चुंबकाशी आलो की मोडतो. खारेपणा आत जाताना कमी कमी होत जातो, बरोबर? तो कधी उणे होत नाही. चुंबकात मात्र होतो!

कारण असं की चुंबकाच्या आत वर-स्पिन आणि खाली-स्पिन इलेक्ट्रॉनांचा संवेग सारखा राहत नाही, त्यामुळे जोडीला एकूण थोडा संवेग उरतो, आणि संवेग उरला म्हणजे तरंग आला. जोडीची लहर आत जाताना विरतेही आणि वरखालीही होते, अधिक, शून्य, उणे, शून्य, परत अधिक. आता दोन सुपरकंडक्टरांच्या मध्ये नेमक्या उणे येणाऱ्या जाडीचा चुंबक ठेवला तर दोन्ही बाजूंच्या फेजमध्ये आपोआप १८० अंशांचा फरक पडतो. याला पाय-जंक्शन म्हणतात. हे कागदावर बरीच वर्षं होतं, प्रत्यक्षात २००१ मध्ये रशियात र्‍याझानोव्ह आणि मंडळींनी नायोबियमच्या दोन थरांमध्ये तांबं-निकेल मिश्रधातू ठेवून दाखवलं. त्यांनी चलाखी अशी केली की चुंबक मुद्दाम अशक्त घेतला, निकेलमध्ये तांबं मिसळून, म्हणजे लहर लांबते आणि जाडी सांभाळणं सोपं जातं. शिवाय तापमान बदललं तरी त्याच जंक्शनमध्ये प्रवाह आधी घटतो, शून्य होतो आणि परत वाढतो हे त्यांना दिसलं. माझ्या मते या विषयातला हा सर्वात देखणा आलेख आहे, सेमिनारमध्ये तोच काढ फळ्यावर.

थंड_डोकं
मास्तर, मान्य. खाडी तिथेच सोडते. (नाहीतरी राजापूरची गंगा पण कधी येते कधी जाते, तिचा दृष्टान्त दिला असता तर तुम्ही खूश झाला असता.)

भाट्येवाला
सॉरी ताई, दादा लिहिलं. हे एकदम भारी आहे. आता पाय-जंक्शन समजलं असं वाटतंय, उद्या सकाळी समजलेलं राहील का माहीत नाही. पण सर, दोनचार नॅनोमीटरच जर आत जाणार असेल तर एका पेपरात मायक्रॉनभर लांब चुंबकातून सुपरकरंट गेला असं लिहिलंय, क्रोमियम डायऑक्साइड की काहीतरी. तिथे तर वर-स्पिन सोडून दुसरा स्पिन असतच नाही म्हणे. मग जोडी जमतेच कशी?

थंड_डोकं
तू बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. तो २००६ चा कायझर आणि मंडळींचा पेपर. उत्तर असं की तिथे जोडी बदलते. वर-खाली ऐवजी वर-वर. याला ट्रिपलेट म्हणतात. दोघांचं तोंड एकाच दिशेला असेल तर चुंबकाच्या हुकुमाला काय फरक पडतो, दोघं आरामात लांबपर्यंत चालत जातात.

पण सुपरकंडक्टरमधून निघते ती वर-खाली जोडी, ती वाटेत वर-वर कशी होणार? त्यासाठी सीमेवर चुंबकाची दिशा वाकडी लागते. एका थरात दिशा उत्तरेला आणि पुढच्या थरात पूर्वेला असं काहीतरी. पहिल्या थरात जोडी थोडी विसकटते आणि दुसऱ्या थराच्या नजरेतून तीच विसकटलेली जोडी वर-वर दिसते. ही कल्पना २००१ मध्ये बर्गेरेट, व्होल्कोव्ह आणि एफेटोव्ह यांनी मांडली. मग २०१० मध्ये केंब्रिजच्या रॉबिन्सन, विट आणि ब्लामायरनी कोबाल्टच्या दोन्ही बाजूंना होल्मियम लावून दाखवलं. होल्मियमच का, तर त्याच्यात स्पिन सरळ उभे नसतात, थरागणिक थोडे थोडे वळत जातात, गोल जिन्यासारखे, म्हणजे वाकडेपणा फुकटात मिळतो. होल्मियम असलं की कोबाल्ट जाड केला तरी प्रवाह टिकतो, काढलं की धपकन पडतो.

मला विचारशील तर या अख्ख्या विषयाचं मर्म इथेच आहे. शत्रुत्व मिटवत बसायचं नाही, शत्रूला किती जवळ आणि किती तिरका उभा करायचा ते ठरवायचं. जाडी, कोन आणि सीमा एवढ्या तीन चाव्या. पेपरात इंजिनिअरिंग हा शब्द येतो तो याच अर्थाने.

एमआरआयवाला
मध्येच बोलतो. मी इंजिनिअर, एमआरआय मशीन सांभाळायचं काम, चिपळूण ते सावंतवाडी पट्टा फिरत असतो. आमच्याकडे सुपरकंडक्टर स्वतःच चुंबक असतो राव. नायोबियम-टायटॅनियमची वायर, द्रव हेलियममध्ये ४.२ केल्विनला बुडवलेली, आणि १.५ टेस्ला. भाट्येवाल्याचं ०.०८ टेस्ला शिशाचं खरं आहे पण सगळ्यांना लागू नाही, टाइप-टू सुपरकंडक्टर फिल्डला आत घेतो, भोवऱ्याच्या नळ्या करून, आणि त्या नळ्या हलू नयेत म्हणून वायरमध्ये मुद्दाम दोष ठेवतात. हे सेमिनारला परीक्षक हमखास विचारणार बघ.

आता माझा प्रश्न. हे सगळं ठीक, पण वर्तमानपत्रात जे येतं ते मेयोराना मेयोराना, कधीच न चुकणारा क्वांटम कम्प्युटर वगैरे, ते पण यातलंच ना? त्यात खरं किती आणि फेकाफेकी किती? मला आठवतंय एक मोठा पेपर मागे घेतला होता.

मालवणी_तिखट
मेयोराना म्हणजे कोण? नाव ऐकान गोव्यातला बार वाटता.

निवृत्त_मास्तर
एत्तोरे मेयोराना, इटालियन, फर्मीच्या गटातला. १९३७ मध्ये त्याने असा कण मांडला जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये पालेर्मोहून नेपल्सला जाणाऱ्या बोटीचा प्रवास आणि त्यानंतर माणूस गायब, वय अवघं ३१. काय झालं कोणाला कळलं नाही. तुझ्या मालवणात अशा गोष्टींवर दशावतारात एक प्रवेश झाला असता.

इलेक्ट्रॉन काही स्वतःचा प्रतिकण नाही, पण सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांचं मिश्रण होतं, आणि मिश्रण बरोबर अर्धं-अर्धं झालं आणि ऊर्जा बरोबर शून्य आली तर ते मेयोरानासारखं वागतं. कण नव्हे, अवस्था. हा फरक वर्तमानपत्रं गिळून टाकतात. पुढचं ताईंना सांगू दे.

थंड_डोकं
सांगते, जरा लांबेल.

शिशावर लोखंडाचा एकच अणू ठेव. तो आजूबाजूच्या जोड्यांना त्रास देतो आणि त्या त्रासातून त्याच्याभोवती एक बांधलेली अवस्था तयार होते, सुपरकंडक्टरच्या रिकाम्या गॅपच्या, म्हणजे एरवी कुठलीच अवस्था नसते त्या ऊर्जेच्या पट्ट्याच्या, मध्येच. यू, शिबा आणि रुसिनोव्ह, एक चिनी, एक जपानी, एक सोव्हिएत, तिघांनी १९६५ ते १९६९ च्या दरम्यान आपापलं गणित मांडलं. १९९७ मध्ये याझदानी, आयगलर वगैरेंनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने नायोबियमवरच्या एकेका अणूभोवती ती अवस्था प्रत्यक्ष बघितली. आता एका अणूच्या जागी अणूंची रांग लाव. शेजारच्या अवस्था एकमेकींत मिसळतात आणि रांगेचा स्वतःचा एक छोटा सुपरकंडक्टर तयार होतो, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर रांगेच्या दोन टोकांना शून्य ऊर्जेच्या दोन अवस्था उरतात. त्या दोन मिळून एक इलेक्ट्रॉनची जागा होते. म्हणजे एकच जागा, पण अर्धी या टोकाला, अर्धी त्या टोकाला.

मालवणी_तिखट, तुझ्यासाठी: रापण आठव. जाळं एकच, पण दोराची दोन टोकं किनाऱ्यावर लांब लांब, दोन टोळ्या ओढतायत. एका टोकाशी उभं राहून जाळ्यात मासे आहेत की नाहीत हे सांगता येत नाही. क्वांटम कम्प्युटरवाल्यांना हेच हवंय, माहिती दोन टोकांत वाटलेली असली की एका जागचा किरकोळ आवाज तिला बिघडवू शकत नाही. (मास्तर, दृष्टान्त कुठे मोडतो ते सांगालच.)

प्रिन्स्टनमध्ये याझदानींच्याच गटाने २०१४ मध्ये शिशावर लोखंडाच्या रांगा केल्या आणि टोकांना शून्य ऊर्जेवर शिखर दिसलं. हॅम्बुर्गच्या लोकांनी पुढे मायक्रोस्कोपच्या टोकाने एकेक अणू ढकलून रांगा रचल्या. फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठात २०२० मध्ये नायोबियम डायसेलेनाइडवर क्रोमियम ट्रायब्रोमाइडची एक थर जाडीची बेटं बसवली, तिथे रांग नाही तर बेट, त्यामुळे अवस्था टोकांऐवजी बेटाच्या काठाने फिरते. मला हे बेटवालं प्रकरण जास्त आवडतं कारण हे दोन पदार्थ नुसते एकमेकांवर टेकतात, रासायनिक बंध नाही, म्हणजे माझा तो वाळूचा दांडा पडायची भीती कमी.

आता एमआरआयवाल्यांचा प्रश्न. मागे घेतलेला पेपर चुंबकाच्या थराचा नव्हता, सेमिकंडक्टरची नॅनोवायर, वर सुपरकंडक्टर आणि बाहेरून फिल्ड असा होता, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा, २०१८ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आला आणि मार्च २०२१ मध्ये मागे घेतला. पेपरात दाखवायला निवडलेला डेटा पूर्ण चित्र दाखवत नव्हता. पण कुळ तेच. आणि मुख्य अडचण अप्रामाणिकपणाची नाही, अडचण ही की शून्यावर शिखर दिसलं म्हणजे मेयोरानाच असं नाही. साधी शिबा अवस्था योगायोगाने शून्याजवळ येऊन बसू शकते, वायरमध्ये थोडी घाण असेल तरी तसंच शिखर येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने मेयोरानावर चालणारी म्हणून चिप जाहीर केली तेव्हा सुद्धा नेचरच्या संपादकांनी सोबतच्या परीक्षण फाइलमध्ये स्पष्ट लिहिलं की या पेपरातले निकाल म्हणजे मेयोरानाचा पुरावा नव्हे. बातम्यांमध्ये हे वाक्य किती जणांनी वाचलं कोण जाणे.

एमआरआयवाला
म्हणजे अजून कोणी पक्कं दाखवलेलं नाही?

थंड_डोकं
सगळ्यांनी मान डोलवावी असं नाही. पाय-जंक्शन आणि ट्रिपलेट मात्र पक्के आहेत, वेगवेगळ्या लॅबमध्ये झालेत. म्हणून भाट्येवाल्या, सेमिनारमध्ये ते दोन आधी घे आणि मेयोराना शेवटी घे, उलटं केलंस तर पहिल्याच प्रश्नाला लटकशील.

निवृत्त_मास्तर
रापण इथे मोडते: जाळं ओढून बाहेर काढलं की मासे मोजता येतात आणि तोपर्यंत ते आत होतेच. क्वांटममध्ये तोपर्यंत होते असं म्हणता येत नाही. बाकी छान.

आणि एक आपल्याकडचं घाल. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बिस्मथ सुपरकंडक्टर होतो हे सापडलं, ०.५३ मिलीकेल्विनच्या खाली. मिली! एमआरआयच्या हेलियमपेक्षा हजारो पट थंड. चुंबकाशी थेट संबंध नाही पण एवढ्या खाली उतरायची सोय आपल्या किनाऱ्यावर आहे हे पोरांना कळू दे.

भाट्येवाला
सर, ताई, खूप आभार. पण डेमो काय दाखवू? आमच्या लॅबमध्ये द्रव नायट्रोजन आणायचा तर आधी अर्ज, मग गाडी, हेलियमचं तर नावच नको. नुसत्या स्लाइड दाखवल्या तर मागच्या बाकावर झोपणार सगळे.

थंड_डोकं
लॅपटॉप आहे ना? कितायेव्हने २००१ मध्ये एक खेळण्यासारखं मॉडेल दिलं, नुसती ठिपक्यांची रांग. शेजारच्या ठिपक्यावर उडी मारायची ताकद टी, जोडी जमवायची ताकद डेल्टा, आणि प्रत्येक ठिपक्याची ऊर्जा म्यू. ४० ठिपके घेतलेस तर ८० बाय ८० चं मॅट्रिक्स, पायथॉनमध्ये वीस ओळी. त्याच्या आयगेनव्हॅल्यू काढ. म्यू दोन टी पेक्षा लहान असेल तर दोन व्हॅल्यू शून्याला चिकटलेल्या दिसतील, मोठा केलास की सुटतील. एक काळजी घे, डेल्टाचा भाग असममित घ्यायचा, पुढे जाताना अधिक आणि मागे येताना उणे, सगळे तिथेच चुकतात. मी पण चुकले होते.

भाट्येवाला (तीन दिवसांनी)
झालं! काल रात्री दोनदा लाईट गेली तरी झालं. आधी चिन्ह चुकलंच होतं, ताई म्हणाल्या तिथेच. टी आणि डेल्टा १ ठेवले, म्यू पण १. ४० ठिपक्यांना दोन व्हॅल्यू जवळपास १० चा उणे १२ वा घात, म्हणजे शून्यच. मग गंमत म्हणून ठिपके ६ केले तर त्या ०.०२ च्या आसपास सरकल्या, एक अधिक एक उणे. हे माझं चुकलं का?

निवृत्त_मास्तर
चुकलं नाही, सेमिनारचा सगळ्यात चांगला भाग तुला सापडला. रांग आखूड केली की दोन टोकांच्या अवस्था एकमेकींना शिवतात आणि शून्यापासून ढळतात. प्रत्येक वाढत्या ठिपक्यामागे ते ढळणं निम्मं होत जातं, तुझ्या आकड्यांना म्यू भागिले दोन टी बरोबर अर्धा म्हणून. ८, १०, १२ ठिपके घेऊन बघ, लॉग कागदावर सरळ रेष आली पाहिजे.

मालवणी_तिखट
म्हणजे दोर आखूड केल्यार दोन्ही टोळये एकमेकांक धडाकतत. ह्यां माका समजलां.

भाट्येवाला
सर सरळ रेष आली!! फोटो टाकतो थोड्या वेळात, फोन चार्ज नाहीये.